‘उगाच आलात’ हे दोन शब्द

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पस्तिसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली मुलगी. सोबत आई आणि शेजारचा एक तरुण, कारण गाडी त्याची होती. संध्याकाळपासून बाळ नीट हलत नाही, असं तिचं म्हणणं. मी तपासलं. ठोके चांगले होते, ठोक्यांचा आलेख काढला तोही चांगला, रक्तदाब १२६ वर ८२. आलेखाचं यंत्र लावून पाच मिनिटं होत नाहीत तोच बाळाने अशी काही लाथ मारली की तिची आई हसली. दिवसभरात दोन सिझर झाली होती, मी दमले होते. हात धुता धुता म्हणाले, “बघा, मजेत आहे बाळ. उगाच आलात एवढ्या रात्री. सकाळी आला असतात तरी चाललं असतं.”

त्यात राग नव्हता. मला तर वाटत होतं की मी धीरच देतेय.

बारा दिवसांनी ती पुन्हा आली, ती जीपच्या मागच्या सीटवर आडवी. जीभ दातांत सापडून तोंडातून रक्त आलेलं. एक झटका वाटेत आला होता, दुसरा आमच्या फाटकाशी. रक्तदाब १८० वर १२०. डोकं आदल्या दिवशी दुपारपासून दुखत होतं. बाम लावून झाला, पॅरासिटामॉलची गोळी झाली, ऊन बाधलं असेल म्हणून तळपायांना कांद्याचा रस चोळून झाला. मध्यरात्री डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा तिने आईला उठवलं. आई म्हणाली, चल, जाऊ. त्यावर तीच म्हणाली, “नको, मॅडम परत म्हणतील उगाच आलात. उजाडल्यावर जाऊ.” हे तिच्या आईने मला चौथ्या दिवशी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता. मुलगी वाचली. बाळ वाचलं नाही.

कोणाची ओळख पटू नये म्हणून या हकिकतीतले काही तपशील मी बदलले आहेत. ते दोन शब्द मात्र होते तसेच ठेवले आहेत.

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दवाखाना कधी गाठायचा, याच्या याद्यांना आज तोटा नाही. प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर धोक्याची लक्षणं चित्रांसकट छापलेली असतात. आशाताई घरी येऊन सांगतात. मोबाइलवर तर नको तितकं आहे. तरीही बाया उशिरा येतात, आणि वीसेक वर्षांच्या अनुभवावरून सांगते, उशिरा येणाऱ्यांत खरोखर अजाण अशा फार थोड्या असतात. बहुतेकींना शंका आलेली असते. घरात कोणीतरी ‘दाखवून येऊ या का?’ असं एकदा विचारलेलंही असतं. पुढे जे अडतं ते माहितीवाचून अडत नाही. ‘उगाच ठरलं तर?’ या भीतीने अडतं. उगाच ठरलं तर गाडीभाडं गेलं, एकाची मजुरी बुडाली, शेजाऱ्याची झोपमोड झाली, आणि सूनबाई ‘नाजूक’ ठरल्या त्या कायमच्याच. या हिशेबात दुसऱ्या बाजूला काय पणाला लागलेलं असतं, ते त्या घटकेला दिसत नाही.

बाळंतपणात आई का दगावते, याचा विचार करताना जगभरचे डॉक्टर १९९४ पासून एक साधी मांडणी वापरतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी ती केली. उशीर तीन ठिकाणी होतो: जायचं ठरवण्यात, पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. महाराष्ट्रात दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरावर बरंच काम झालं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, मग ते सिझर का असेना, औषधं, तपासण्या आणि घरापासूनची ने-आण मोफत आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून फिरते आहे. गरोदर बायांसाठी १०२ आहे. २०१८ ते २०२० या काळाच्या नमुना नोंदणी अहवालात महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. केरळच्या खालोखाल देशात आपण. सगळीकडे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, मेळघाटात किंवा धडगावात पावसाळ्यात रस्ता गाठायचा म्हणजे काय ते तिथल्या लोकांना विचारा. पण माझ्यासारखीच्या दारात जी प्रकरणं बिघडून येतात, त्यांत वेळ रस्त्यावर कमी आणि घरात जास्त गेलेला असतो. आणि घरातल्या या उशिरात आम्हा डॉक्टरांचाही हात असतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकले.

आपल्याकडे या उशिराला एक खास घरगुती वळण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं की लेक माहेरी जाते. रीत प्रेमाची आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. दमलेल्या मुलीला आईच्या घरी जो विसावा मिळतो तो दुसरीकडे मिळत नाही. पण नेमकं ज्या महिन्यांत रक्तदाब चढतो, वार सुटते, बाळाची वाढ अडते, त्याच महिन्यांत तिचा डॉक्टर बदलतो, गाव बदलतं आणि बऱ्याचदा फाइल सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरला तिचा आधीचा रक्तदाब किती होता ते माहीत नसतं. आधी १०० वर ६० असणाऱ्या बाईचा १३६ वर ८६ झाला, तर आकडा अजून हद्दीत असतो, पण चढ मोठा असतो. फाइल समोर असेल तरच तो दिसतो.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे निर्णय कोणाचा? माहेरच्यांना वाटतं, परक्याची अमानत आहे, काही कमीजास्त झालं तर बोल आपल्यावर येईल, तिच्या घरी विचारल्याशिवाय कसं हलवायचं. सासरचे म्हणतात, तिकडे तिचे आईवडील आहेत, ते बघतील. जावई पुण्याला रात्रपाळीत, फोन लॉकरमध्ये. या तीन घरांच्या मध्ये जिचं डोकं दुखतंय ती बसलेली असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांचं तर याहून कठीण. बीडकडून दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात आलेली जोडी म्हणजे एक कोयता. आठव्या महिन्यातही मोळ्या बांधणं सुटत नाही, कारण एक दिवस चुकला की मुकादमाच्या वहीत खाडा. कोपीवरून तालुक्याला जाऊन ‘काही नाही, जा परत’ ऐकणं तिला खरोखरच परवडत नाही. ‘लवकर का नाही आलीस?’ असं तिला विचारण्याआधी आपण त्या खाड्याचा आकडा विचारावा.

आता दोन लक्षणांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी सगळ्यांत जास्त वेळ यांच्यावरच वाया जातो.

पहिलं, डोकेदुखी. गरोदर बाईचं डोकं दुखतं, झोप होत नाही, ऊन असतं, हे खरं. पण विसाव्या आठवड्यानंतर, त्यातही शेवटच्या तिमाहीत, जोराचं आणि गोळीने न थांबणारं डोकं दुखत असेल तर रक्तदाब मोजल्याशिवाय त्याला ‘साधं’ म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नाही. या आजारात मूळ बिघाड वारेत असतो. गर्भपिशवीतल्या ज्या रक्तवाहिन्यांनी वारेला भरपूर रक्त द्यायचं, त्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात. त्याचा परिणाम पुढे आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांवर होतो. मेंदूवर झाला की डोकं, डोळ्यांवर झाला की अंधारी किंवा काजवे, यकृतावर झाला की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ. ही शेवटची कळ घरोघरी ‘पित्त’ म्हणून खपून जाते, सोडा नाहीतर जेलुसिल घेऊन बाई झोपते. पायांवरची सूज बहुतेकींना असते, तिचं एवढं काही नाही. एकाएकी चेहरा सुजला, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, काल निघणारी अंगठी आज निघेना, तर ते मात्र वेगळं.

१४० वर ९० हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. तो गाठला की त्याच दिवशी दाखवायचं, ‘नववा महिना आहे, थोडा वाढायचाच’ असं म्हणायचं नाही. १६० वर ११० म्हणजे त्याच क्षणी निघायचं, मग बाईला काही होत असो वा नसो. हा आजार पुष्कळदा गुपचूप चढतो, काहीच त्रास देत नाही. म्हणून तर तपासणीच्या तारखा चुकवायच्या नसतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची जी मोफत तपासणी होते, तीही त्यासाठीच. आणि बाळ झालं की धोका टळला, असंही नाही. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत असं डोकं दुखलं तर तिलाही तेवढ्याच घाईने आणायचं.

निघायचं कुठे? मोठं रुग्णालय दोन तासांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर असेल तर आधी केंद्रात. कारण मॅग्नेशियम सल्फेट नावाचं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे. ३३ देशांतल्या सुमारे १० हजार बायांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवावं, अशी पद्धत आहे. झटका आलाच तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, चप्पल, कांदा काही घालू नका, आणि ‘बाहेरचं काही आहे का’ याची चौकशी नंतर, तिची इच्छा असेल तर, सावकाश करा.

दुसरं, बाळाची हालचाल. इथे एक चुकीचा समज इतका खोल रुजलाय की कधी कधी शिकल्यासवरल्या आज्याही छातीठोकपणे सांगतात: नववा लागला की जागा कमी पडते, बाळ हलायचं थांबतं. हे खोटं आहे. जागा कमी झाल्याने हालचालीची जात बदलते. लाथेऐवजी ढकलल्यासारखं, कूस बदलल्यासारखं वाटतं. पण हालचालींचं प्रमाण बाळंतपणापर्यंत टिकायला हवं. पोटातलं बाळ झोपतं, पण बहुतेक वेळा वीस ते चाळीस मिनिटांसाठी. दीड तासापेक्षा लांब झोप क्वचितच. साधारण सातव्या महिन्यापासून प्रत्येक बाळाचं स्वतःचं वेळापत्रक ठरतं. कोणी जेवणानंतर नाचतं, कोणी आई आडवी झाली की. ते वेळापत्रक डॉक्टरला माहीत नसतं, सासूला नसतं, यंत्राला तर नसतंच. ते एकाच माणसाला माहीत असतं. म्हणून ‘रोजच्यासारखं वाटत नाही’ हे तिचं वाक्य मी लक्षण म्हणून लिहून घेते, अवतरणचिन्हांत.

शंका आली तर डाव्या कुशीवर निवांत पडून, टीव्ही-मोबाइल बंद करून लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा हालचालीही जाणवल्या नाहीत तर निघायचं. दहा मोजल्या, पण मन म्हणतंय की हे आपल्या बाळाचं नेहमीचं नाही, तरीही निघायचं. आणि हालचाल पूर्णच थांबली असं वाटत असेल तर मोजत बसायचंच नाही. साखरपाणी दे, थंडगार सरबत पाज, पोटाला हलवून बघ, मग संध्याकाळपर्यंत थांबू, या सगळ्या उपायांत जे जातं ते फक्त घड्याळातले तास. काही जणी गावातल्या दवाखान्यात ‘ठोके लागले’ एवढं ऐकून परत येतात. ठोके लागले म्हणजे बाळ आहे, एवढंच कळलं. ते कसं आहे हे कळायला आलेख लागतो, कधी सोनोग्राफी लागते.

बाकीची लक्षणं थोडक्यात सांगते. त्यांत फारसा वाद नसतो. अंगावरून रक्त गेलं, थेंबभर असो की पदरभर, दुखत असो की नसो, तर निघायचं. वार खाली असेल तर रक्त बिनदुखीचं जातं, आणि म्हणूनच फसवतं. उलट वार आतल्या आत सुटली तर बाहेर रक्त थोडंच दिसतं पण पोट दगडासारखं घट्ट होतं आणि कळ सोडत नाही. कळा सुरू होताना रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव जातो, ते वेगळं. पण वेगळं आहे हे आम्ही सांगू, तुम्ही घरी ठरवू नका. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. वेळ लक्षात ठेवायची, पॅड लावायचं, आणि पाणी हिरवट किंवा वासाचं असेल तर ते सांगायचं. सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या तर ‘थांबतील’ म्हणून वाट पाहायची नाही. दिवस फार कमी भरलेले असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता येतात, पण ती लागू पडायला साधारण एक दिवस हवा असतो. बाईने जो अर्धा दिवस घरी ओवा-शेक करण्यात घालवला, तो बाळाच्या वाट्यातून वजा होतो. ताप. बसल्या जागी लागणारा दम. आणि एक फारसं कोणाला माहीत नसलेलं: तळहात-तळपायांना पुरळ नसताना रात्री वाढणारी खाज. तिला ‘उष्णता’ म्हणतात. ती यकृताकडून आलेली असू शकते, रक्त तपासावं लागतं. दिलेली तारीख उलटली तरी ‘पहिलटकरणीचे दिवस वर जातातच’ असं म्हणत दहा-बारा दिवस घरी काढायचे नाहीत. तारखेलाच येऊन पुढचं ठरवून घ्यायचं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. बायांना असं सारखं सावध केलं तर घबराट वाढेल, गर्दी वाढेल, गरज नसताना कळा आणल्या जातील, सिझरं होतील. हा नुसता तर्क नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गर्भारपणं धरून एक मोठा अभ्यास झाला. बाळाच्या हालचाली कमी झाल्या तर ताबडतोब या, असं बायांना शिकवायचं आणि आल्यावर रुग्णालयाने काय करायचं तेही ठरवून द्यायचं, अशी योजना होती. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: मृत बाळं जन्मण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही; कळा आणून केलेली बाळंतपणं आणि सिझरं मात्र वाढली. मी तो अहवाल वाचला तेव्हा खट्टू झाले होते.

पण त्यातून मी जे घेते ते असं. तिथली बाई आधीच सहज रुग्णालय गाठत होती. तिची पायरी आणि आपल्या कोपीतल्या बाईची पायरी एक नाही. आणि दुसरं, दोष तिच्या येण्यात नव्हता. ती आल्यावर आम्ही डॉक्टर तपासून, खात्री करून घरी पाठवायला कचरतो आणि ‘कशाला धोका’ म्हणत चाकू हातात घेतो, दोष तिथे आहे. आपल्याकडे तर लोकांना नेमकी हीच धास्ती वाटते. ‘रात्री नेलं की सकाळी सिझर झालेलं असतं’ हे वाक्य मी कट्ट्यावर, लग्नात, किराणा दुकानात ऐकलं आहे. त्याला हसावं तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा समोर येतो: देशात खासगी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी ४७ टक्क्यांहून जास्त सिझरने. ही सगळी गरजेची होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. अनावश्यक सिझर एकीचं होतं, आणि त्याची कथा ऐकून दुसरी दहा तास घरी थांबते. ‘घाबरू नका, लवकर या’ असं आम्ही म्हणायचं असेल, तर आलेल्यांतल्या बहुतेकींना सुखरूप, न कापता, परत पाठवण्याची तयारीही आम्हीच दाखवायला हवी.

म्हणून त्या मुलीनंतर आमच्या दवाखान्यात तीन गोष्टी बदलल्या. फार मोठ्या नाहीत. ‘उगाच’ हा शब्द रात्रपाळीच्या सिस्टरांसकट सगळ्यांना बंद, तपासून काही निघालं नाही तर म्हणायचं, “बरं झालं आलात. आज सगळं ठीक आहे. परत असं वाटलं तर परत या.” शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण आज ठीक म्हणजे उद्या ठीक असं नसतं, माझ्या त्या पेशंटचा पहिल्या रात्रीचा रक्तदाब अगदी चांगला होता. घरी परत जाणाऱ्या बाईकडून रात्रीची जादा फी घ्यायची नाही; माझे यजमान, जे दवाखान्याचा हिशेब बघतात, त्यांनी यावर भुवया उंचावल्या, पण तेवढंच. आणि फोनवर ‘डोकं दुखतंय’ असं कोणी म्हणालं तर रक्तदाबाचा आकडा हातात आल्याशिवाय ‘सकाळी या’ म्हणायचं नाही. माझ्याच व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींना हे वाचून वाटेल की हिला रात्रीची झोप नको आहे. हवी आहे. पण त्या मुलीच्या आईचा चौथ्या दिवशीचा तो साधा आवाज आठवला की झोप तशीही जाते.

घरांनी काय करावं, तर निर्णयाचा घोळ आधीच मिटवावा. हल्ली डोहाळजेवणाला झोपाळा, फुलांचे दागिने, चंद्रकोरीचा पडदा, फोटोवाला, सगळं असतं. दोन्हीकडचे व्याही त्या एका दिवशी एका छताखाली असतात. तेव्हाच ‘बर्फी की पेढा’ झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारून टाका: रात्री दोनला हिला काही वाटलं तर गाडी कोणाची? आणि सगळ्यांसमोर ठरवा की ती म्हणाली ‘जाऊ’ की निघायचं. वाटेत फोन करून कळवायचं, परवानगी मागायची नाही. फाइल तिच्याबरोबर माहेरी जाईल, पिशवीत राहील, आणि तिचे फोटो जावयाच्या मोबाइलमध्ये असतील. रक्तगट, वार खाली आहे का, आधीचं सिझर आहे का, एवढं तरी सोबत जाणाऱ्याला सांगता यावं. मोठं मूल असेल तर त्याला रात्री कोणाकडे ठेवायचं, हेही ठरवा. हे फुटकळ वाटेल, पण ‘धाकट्याला कोणाकडे टाकू?’ या प्रश्नापायी पहाटेपर्यंत थांबलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आणि अमावास्या असेल तर अमावास्येलाच निघा.

पुरुषांना एक वेगळं सांगायचं आहे. बायको ‘काही नाही हो, होईल बरं’ असं म्हणाली तर त्यावर विसंबून राहू नका. आपल्याकडच्या बाया दुखणं अर्धं करून सांगतात. त्यातल्या त्यात नवऱ्याच्या खिशाकडे बघून पाव करतात. एकदा विचारून थांबू नका. फोनवर असाल तर तिच्या आईला रक्तदाब मोजून आणायला सांगा.

ती मुलगी दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडेच आली. का आली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. या वेळी तिसऱ्या महिन्यातच नाव घातलं, अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी वेळेवर सुरू केली, रक्तदाबाचं यंत्र घरी घेतलं. माहेरी जाताना फाइलला प्लास्टिकचं कव्हर घालून घेऊन गेली. आठव्या महिन्यापासून ती रात्री-बेरात्री चार वेळा आली. एकदा हालचालीसाठी, एकदा पोट दुखलं म्हणून, एकदा पाणी गेल्यासारखं वाटलं म्हणून, आणि एकदा नुसतीच, झोप येत नव्हती आणि भीती वाटत होती. चारही वेळा काही निघालं नाही. चारही वेळा तिच्या आईने आणलेलं ताक मी प्यायले आणि त्यांना घरी पाठवलं.

पाचव्यांदा ती आली तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. डोकं तासाभरापासूनच दुखत होतं. रक्तदाब १५६ वर १०४ होता. सिस्टरने इंजेक्शनाचं सामान आधीच ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅमची, आणि ती पहिल्याच मिनिटाला अशी काही रडली की बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजीला आत कोणी काही सांगायला जावं लागलं नाही.